बाईंची टोपी

मित्रांनो, मला तळ नाही आणि झाकणही नाही. वर अरुंद, खाली रुंद, दोन बाजूंना दोन मुठी, असा मी पोलादी पत्र्याचा एक जुना शंकू आहे. उंची बरोबर तीनशे मिलिमीटर. अंबडच्या एका लहानशा कारखान्यात मला घडवले ते ओले काँक्रीट तपासण्यासाठी. मला तीन थरांत भरतात, प्रत्येक थर सळईने पंचवीस वेळा ठोसतात आणि मग सरळ वर उचलतात. माझा आधार गेला की आतला ढीग थोडा खाली बसतो. किती बसला, ते पट्टीने मोजतात. फार बसला तर समजावे की पाणी जास्त झाले. असे काँक्रीट पुढे कच्चे राहते.

१९९५ साली मी प्रतिभा गायधनी या तरुण इंजिनिअरच्या हाती आलो. मखमलाबादला तिच्या वडिलांचा फुलांचा मळा होता. पदवी घेतल्यावर दोन वर्षे तिला कचेरीत नकाशे काढायला बसवले होते. साइटवर बाईचे काय काम, असे मोठ्या साहेबांचे मत. तिने चार वेळा अर्ज केला, तेव्हा कुठे एकलहऱ्याच्या रस्त्यावर पाण्याची उंच टाकी होत होती, तिथे तिला तीन महिन्यांसाठी पाठवले. जमले तर ठेवू, नाहीतर नकाशे आहेतच, असे बजावून.

तिथला मुकादम चिमाजी. मला पाहताच तो बिगाऱ्यांना म्हणाला, "बाईंनी टोपी आणलीय. बघू, कुणाला घालतात." सगळे हसले. तेव्हापासून मी 'बाईंची टोपी'.

टाकीचा तिसरा खांब भरताना तो प्रसंग घडला. खांबाजवळ येऊन पडलेल्या मालातून प्रतिभाने मला भरले आणि उचलले. ढीग ऐंशी मिलिमीटरच्या आसपास बसायला हवा होता, सकाळपासून तसा बसतही होता, पण आता बसला एकशे साठ. माल सहज ओतला जावा म्हणून मुकादम गुपचूप पाणी वाढवतात, हे तिने कचेरीत दहादा ऐकले होते. तिने काम थांबवले आणि सगळ्यांसमोर चिमाजीला सांगितले की पाणी तुम्हीच वाढवले आहे.

चिमाजीचा चेहरा उतरला. "वीस वर्षं झाली, बाई. पाण्याचा डबा मी माझ्या हातानं मोजून ओततो," एवढेच म्हणून तो मिक्सरपासून उठला आणि लिंबाखाली जाऊन बसला. त्याची माणसेही उठली. खांब अर्धा भरलेला. तासाभरात उरलेला भरला नाही, तर मधे सांधा राहून तो पाडावा लागणार होता. दुपारी साहेब येणार होते. तसा खांब दिसला असता तर प्रतिभा दुसऱ्या दिवशी पुन्हा नकाशांपुढे बसली असती.

तिने मला धुतले. चिमाजीच्या माणसाला विनंती करून, नेहमीच्याच मापाने मालाची एक नवी फेरी मिक्सरमध्ये फिरवली आणि या वेळी मला मिक्सरच्या तोंडाशीच भरले. ढीग ऐंशी बसला. तिने पुन्हा भरले. पुन्हा ऐंशी.

म्हणजे चिमाजी खरे बोलत होता. पाणी मिसळत होते ते मिक्सर आणि खांब यांच्यामधल्या तीस पावलांत. त्या वाटेवर फक्त हरसूलकडच्या बाया होत्या, घमेली वाहणाऱ्या. नवी फेरी वाहायला त्या उभ्या राहिल्या, तेव्हा प्रतिभानेही डोक्यावर चुंबळ ठेवली आणि ती त्यांच्या ओळीत उभी राहिली. तिच्या पुढे गोजराबाई होती. तिने रिकामे घमेले पाण्याच्या पिंपात बुचकळले आणि तसेच मालाखाली धरले. मागच्या पुढच्या सगळ्या बाया तेच करत होत्या.

"मावशी, घमेलं ओलं कशाला करता?"

"उन्हं तापली की कोरड्याला माल चिकटतो, बाई. निम्मा आत राहतो, अन् वझं आमच्या डोक्यावर. नागलीची भाकर थापताना हात ओला नाय करत का? तसंच हाय ते."

प्रतिभाने घमेल्याच्या तळाचे पाणी पेल्यात ओतले. जवळजवळ अर्धा पेला भरला. तेवढे पाणी प्रत्येक घमेल्यागणिक मालात जात होते. कोणीच लबाडी केली नव्हती. घमेले ओले करू नका, असे ती म्हणाली नाही, कारण ओझे खरोखरच वाढले असते. बुचकळल्यावर ते पालथे धरून निथळू द्या, एवढेच तिने सांगितले.

"एवढंच ना? मग हे आधी इचारायचं," गोजराबाई म्हणाली, आणि बाया पदराआड हसल्या.

मग प्रतिभा लिंबाखाली गेली. आरोप सगळ्यांसमोर केला होता, म्हणून तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "चिमाजीभाऊ, पाणी तुम्ही वाढवलं नव्हतं. आधी मोजायचं सोडून मी बोलले. चूक माझी आहे."

चिमाजी पॅन्ट झटकत उठला. "आधी खांब भरू. माल थांबत नाही."

पातळ माल बाजूला फेकला गेला आणि खांब वेळेत भरला. दुपारी साहेबांना प्रतिभाने स्वतःच सगळे सांगितले, आपली चूकसुद्धा. साहेबांनी चिमाजीला बाजूला घेऊन विचारले, दुसरा इंजिनिअर पाठवू का? मी तिथेच पालथा वाळत होतो, म्हणून मला उत्तर ऐकू आले. "नको साहेब. बाई चुकल्या तर चुकले म्हणतात. असा साहेब मी आजवर पाहिला नव्हता."

तीन महिन्यांची पुढे तीन वर्षे झाली. टाकी उभी राहिली, मग हरसूलच्या वाटेवर एक पूल झाला, आणि २००३ साली प्रतिभा एका मोठ्या इमारतीच्या कामाची प्रमुख झाली. 'टोपी' आल्याशिवाय चिमाजी खांबाला हात लावत नसे. पण पुढे काँक्रीट गाड्यांतून तयार येऊ लागले, त्यांच्याबरोबर नवे शंकू आले. मी गोदामात पडलो. शेवटच्या कामानंतर मला कोणी धुतलेही नव्हते. आतून काँक्रीटचा थर चढला, मुठी गंजल्या. २००७ मध्ये प्रतिभाने स्वतःची तपासणी प्रयोगशाळा काढली, तेव्हा तिने मला शोधून काढले, तारेच्या ब्रशने दोन दिवस घासले आणि पट्टी लावून माझी उंची पुन्हा मोजली. आता तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिले ढीग माझ्यातच भरतात.

मित्रांनो, माझे मागणे लहानसे आहे. काम झाले की मला लगेच धुवा, कोरडे पुसा, तेलाचा हात फिरवा. आत कालचे काँक्रीट चिकटून राहिले, तर आजचा माल नीट सुटत नाही आणि मी चुकीचा आकडा सांगतो. त्याने माझे काही बिघडत नाही, मी पत्रा आहे. पण तो आकडा ऐकून एखाद्या खरे बोलणाऱ्या माणसाला त्याच्या सोबत्यांदेखत मान खाली घालावी लागते.