पाणी घातलेली गुरं

जानरावकाका माझे चुलतसासरे. अमडापुरात त्यांची नि आमची भिंत एकच. मास्तरकी संपवून ते पेन्शनीवर घरी बसले, तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन आले होते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील.

त्यांचा एकुलता एक मुलगा निवृत्ती नैरोबीला रेल्वेत होता. त्यानं लिहिलं, दोघं कायमचे इकडे या. पण म्हातारी माणसं घ्यायची तर त्यांची स्वतःची ऐपत तिथल्या सरकारला दिसायला हवी होती. तसा तहसिलीचा दाखला पाहिजे. पेन्शन नि दोन एकरांवर तो कोण देणार? आणि त्यांच्या बायकोनं, चांगुणाकाकूनं, नातवाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

सोयरीक जमवताना पाहुण्यांना दाखवायला शेजाऱ्यांची गुरं आपल्या गोठ्यात बांधायची आमच्याकडे रीतच होती. तहसिलीचा माणूस येणार म्हणून काकांनी तेच केलं.

"मास्तर, सायबानं बैलायची नावं इचारली त काय सांगसान?" शेजारचा उकंडराव आपली जोडी बांधताना म्हणाला.

"एकाचं तुयंच सांगतो बे!"

काकू मात्र तांब्या घेऊन आली. नवं जनावर दारात आलं की घरच्या बाईनं त्याच्या खुरांवर पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं आणि म्हणायचं, "हे घर तुयं." मग ते घरचं होतं. सवयीनं तिनं सगळ्यांनाच पाणी घातलं.

"अवो बाई, काऊन हे केलं?" उकंडरावची तानुबाई ओरडली. "उसनी हायेत ना ती!"

"दारात आलेल्याले कोरडं कसं ठेवू?"

दाखला मिळाला. संध्याकाळी मालक दावी सोडायला आले, तर गुरं हलेनात. ओढून नेलेली सकाळी परत काकूच्या दारात. हंबरणं नाही, शेपूट हलणं नाही. अंगावर माशी बसत नव्हती. काकू घरात ज्या खोलीत जाई, तिकडे सगळ्या माना वळत. मध्ये भिंत असली तरी.

"ठेवा तुमच्यापाशीच," उकंडराव पुटपुटला. "माह्याकडे पाह्यतबी नाहीत ते."

पुढे परवानगी आली, बोटीची तिकिटं निघाली. आम्ही सारे पोचवायला निघालो. लख्ख ऊन होतं. एसटी उभी होती आणि वाटेत ती गुरं आडवी. काकांना त्यांनी वाट दिली. काकू पुढे झाली तशी ती पुन्हा मिटली. शिंग कुणी उगारलं नाही. नुसती उभी.

"तुमी जा," काकू म्हणाली. "नातवाले पाहा. घर तुमचं हाय म्हणून मीच सांगतलं त्यायले. घरधनीणच गेली त घर कायचं?"

"मी येतो तुले न्यायले," काका म्हणाले. ते तिकडेच वारले.

कितीतरी वर्षांनी निवृत्ती आला, मुलाला घेऊन. मिसरूड फुटलेल्या त्या नातवाच्या तोंडावरून काकू हात फिरवत बसली होती. गोठ्यात तीच गुरं होती. उकंडरावच्या घरच्या त्यांच्या वयाच्या गुरांची हाडंसुद्धा उरली नव्हती.

"आई, आता चल," निवृत्ती म्हणाला आणि त्यानं तिचा हात धरला.

बाहेर सगळी गुरं एकदम उठून उभी राहिली. निवृत्तीनं दाराकडे पाहिलं, मग आईकडे. हात त्यानं आपणहून सोडला.