मार्कशीट एकच

वासंतीबाईंनी कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता, पण बुलढाण्यात त्याबद्दल विचारायचं तर त्यांनाच. गणित शिकवणाऱ्याला सगळं येतं असा आपल्याकडे समज आहे, आणि बाईंनी तो कधी खोडून काढला नव्हता.

पंच्याऐंशीच्या जूनमध्ये पिंपळगाव राजाचे पंजाबराव लेकीला, कोकिळेला, घेऊन आले. त्यांनी सह्या केलेले दोन अर्ज पुढे ठेवले.

"हा पुन्याचा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा. हा अकोल्याचा, कॉम्प्युटर सायन्सचा. मार्कशीट एकच हाय. ज्याले जोडाची त्याले तुमीच जोडा. आमाले काय समजते?"

"बाई, नोकरी कशानं लवकर लागते?" कोकिळेनं विचारलं.

"दोन्हींनी," बाई म्हणाल्या. खरं तर त्यांना ठाऊक नव्हतं. इंजिनिअरिंगला यंत्रं जास्त, सायन्सला गणित जास्त, एवढंच त्यांनी माहितीपत्रकात वाचलं होतं. पोरीचा जीव गणितात. म्हणजे अकोलाच. त्या तसं सांगणार, तेवढ्यात कोकिळा म्हणाली, "अकोल्याले गेली तं दर शनिवारी येईन बाई, गणितं घेऊन."

बाई चपापल्या. यजमान गेल्यापासून घरात त्या एकट्या. मावशीकडे राहून शिकणारी ही पोर दोन वर्षं रोज संध्याकाळी यायची, तेवढाच तासभर घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असे. आपण पोरीचं भलं बघतोय की आपल्या संध्याकाळी राखतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना. दोन दिवस घास गोड लागला नाही. काही माणसं अशी असतात, हवी ती गोष्ट योग्य निघाली तरी तिला हात लावायला भितात. तिसऱ्या दिवशी बाईंनी मार्कशीट पुण्याच्या अर्जाला जोडली आणि रजिस्टर पोस्टानं धाडली.

दिवाळीच्या आधी पत्र आलं. 'बाई, इथे वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासायला लावतात. माझ्या बोलण्याला मुली हसतात, म्हणून मी बोलतच नाही. सायन्स मला जास्त आवडलं असतं. पण तुम्ही विचार करूनच इकडे धाडलं असेल. काय विचार केला होता तेवढं कळवा, म्हणजे मन लागेल.'

बाई उत्तर लिहायला बसल्या. समोर तिची खुर्ची तशीच होती. तू यावीस असं मला फार वाटत होतं, म्हणून तुला लांब धाडलं, हे कसं लिहायचं? शेवटी त्यांनी लिहिलं, 'इंजिनिअरिंगने नोकरी लवकर लागते.'

आठव्या दिवशी कार्ड आलं. 'तुम्ही म्हणता म्हणजे खरंच असणार.'