चोरकप्प्यात राहून गेलेलं

मी एक पर्स आहे, तपकिरी चामड्याची, आता बऱ्यापैकी जुनी झालेली. पर्सला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा, मित्रांनो. पण तो रविवार आठवला की आजही माझ्या शिवणी उसवतात की काय असं मला वाटतं, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून सांगते.

अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका छोट्या गावात एमेट नावाचा खोगीर शिवणारा कारागीर होता. त्यानं मला शिवलं. पण माझी कल्पना त्याची नव्हे, त्याच्या बायकोची, डेलाची. डेलाचा एकच राग होता. ती म्हणायची, पुरुषांचं बरं आहे, कमरेला पट्टा असतो, त्याला पिस्तूल अडकवलं की झालं. बायकांच्या कपड्यांना धड खिसा तरी असतो का? तिनं सगळे उपाय स्वतः करून पाहिले होते. पोटाला बांधायचा रुंद पट्टा घेतला, तर जेवल्यावर तो दाटायला लागला. घोट्याला बांधायची पट्टी घेतली, तर ती चालता चालता घसरून बुटात गेली. काखेतल्या पट्ट्यानं तिला इतक्या गुदगुल्या झाल्या की ती भर दुकानात हसत सुटली. शेवटी ती एमेटला म्हणाली, बाईच्या हातात पर्स असतेच, तिच्याकडे कोण बघतंय?

मग माझ्या दोन अस्तरांच्या मध्ये एक चोरकप्पा शिवला गेला. त्याला चेन नव्हती, बटण नव्हतं. बाहेरून दिसायची फक्त एक सरळ शिवण. तिच्यावरून बोट फिरवून जरा दाबलं की आतलं लोहचुंबक सुटायचं आणि कप्पा उघडायचा. शेजारच्या तीन बायकांना डेलानं मला तपासायला दिलं. तिघींनी मला उलटंपालटं केलं, झटकलं, हुंगलं. एकीलाही कप्पा सापडला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी तर फुगून गेले. त्या कप्प्यात दागिने ठेवतील, फार तर प्रेमपत्रं ठेवतील, अशी माझी भाबडी समजूत होती.

मी ओपलकडे आले. ओपल तेव्हा साठीची होती. दूरदूरच्या शेतांवर एकटी राहणारी म्हातारी माणसं असत, त्यांच्या घरी जाऊन ती तपासणीसाठी रक्त घेई. एका संध्याकाळी एक माणूस रस्त्याच्या मधोमध तिच्या गाडीपुढे उभा राहिला आणि हलेचना. तिनं गाडी तशीच मागे नेली, पाऊण मैल मागे नेली. घरी आली तेव्हा तिला चावी कुलपात घालता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, क्लेटननं, तळहाताएवढं पिस्तूल आणलं आणि त्याच आठवड्यात मलाही आणलं.

ते पिस्तूल पहिल्यांदा माझ्या पोटात गेलं तेव्हा मी हादरले. गार, जड, तेलाचा वास येणारं. बाहेरच्या कप्प्यात रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या, नातवंडांचे फोटो. आणि मधल्या पातळ अस्तरापलीकडे हे. मला वाटलं, बाईची काहीतरी चूक झाली असेल. पण ती आरशात बघून समाधानानं म्हणाली, "कुणाला कळणारसुद्धा नाही."

क्लेटनचं म्हणणं, गोळी न भरलेलं पिस्तूल म्हणजे नुसता दगड. त्यामुळे ते कायम भरलेलं असे. ओपल ते चालवायला शिकण्यासाठी रोंडाच्या वर्गात जाऊ लागली. तिथे बारा बायका आणि टेबलावर बारा पर्सेस. आम्ही एकमेकींकडे बघत बसायचो. रोंडा करड्या आवाजाची होती. ती पुन्हा पुन्हा बजावायची की पिस्तूल पर्समध्ये ठेवलं की ती पर्स राहत नाही, ती अंगावेगळी करायची नाही. बायका माना डोलवायच्या, आणि वर्ग सुटला की आम्हाला हॉटेलातल्या खुर्चीच्या पाठीला अडकवून हात धुवायला जायच्या. पिस्तुलाबरोबर त्याच्या चापाला लावायचं एक बारकं कुलूप आलं होतं, किल्लीही होती. ओपलनं ते स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. चोर काय कुलूप उघडेपर्यंत थांबणार आहे?

सात वर्षं मी तिच्या खांद्यावर होते. सात वर्षांत एकदाही ते पिस्तूल बाहेर काढायची वेळ आली नाही. लोक मात्र माझं कौतुक करत. काय चामडं आहे, काय शिवण आहे! मी ऐकून घेत असे. खरं सांगते, मला त्याची सवय झाली. पोटातलं ओझं पोटातच विसरलं जातं, मित्रांनो. हीच तर भीती आहे.

मग ओपलचा खांदा दुखायला लागला. लग्नाच्या वाढदिवसाला क्लेटननं तिला नवं, हलकं पिस्तूल दिलं आणि ते ठेवायला मऊ कापडाचा एक कमरपट्टा दिला. ओपल खूश झाली. मला तिनं कपडे धुवायच्या खोलीतल्या खुंटीला अडकवलं. आठ महिने मी तिथे धूळ खात लटकले. वाईट वाटलं, पण जुन्या वस्तूच्या नशिबी खुंटी असते हे मला ठाऊक होतं. मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. माझ्या पोटातलं जुनं पिस्तूल अजून कुणी कसं काढलं नाही?

ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. ओपलला वाटलं, नवं आणलं तेव्हा क्लेटननं जुनं तिजोरीत ठेवलं. क्लेटनला वाटलं, ओपलनं ते त्याच्या बहिणीला देऊन टाकलं, कारण बहीण मागत होती. आणि घरात बंदुका इतक्या की एक कमी झाली तरी तिजोरी भरलेलीच दिसायची. ज्याच्या घरी एकच सुरी असते त्याला ती हरवलेली लगेच कळते. इथे नऊ बंदुका होत्या.

वसंतात चर्चच्या बायकांनी जुन्या वस्तूंची विक्री ठेवली. ओपलनं मला पुसलं, बाहेरच्या कप्प्यांतून फोटो नि रुमाल काढले आणि जुन्या स्वेटरांबरोबर मला खोक्यात घातलं. चर्चमध्ये वस्तू तपासायचं काम ग्लेनिसकडे होतं. ग्लेनिसची नजर म्हणजे नजर! कोटाच्या फाटक्या खिशातून अस्तरात गेलेलं नाणंसुद्धा ती काढायची. म्हटलं, सुटले बाई. तिनं माझ्यात हात घातला, कोपरे चाचपले, दोन पेपरमिंट काढल्या. मग मला हातावर तोललं. माझा जीव टांगणीला लागला.

"अस्सल चामडं," ती शेजारणीला म्हणाली. "जड असणारच. रिकामी आहे, लाव टेबलावर."

ज्या गुणाचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला, तोच असा माझ्या मुळावर आला. मी आतून ओरडत होते, पण पर्सचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

शनिवारी शेवटच्या तासाला त्यांची रीत अशी, की कागदी पिशवी घ्यायची आणि तिच्यात मावेल ते पाच डॉलरला न्यायचं. शेल्बी नावाची एक तरुण आई आली होती, वृद्धाश्रमात काम करणारी, डोळे झोपेनं लाल. तिनं पिशवी चादरींनी भरली. तिच्या मुलीनं, पाच वर्षांच्या क्लेमीनं, मला टेबलावरून ओढलं आणि म्हणाली, मला ही हवी, मोठ्या बाईची. मी पिशवीत मावत नव्हते. ग्लेनिस हसून म्हणाली, घेऊन जा गं राणी. क्लेमीनं मला जमिनीवरून फरफटत गाडीपर्यंत नेलं. प्रत्येक धक्क्याला माझ्या पोटातलं ते इकडून तिकडे होत होतं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रविवारी दुपारी शेल्बी कामावरून येऊन आतल्या खोलीत गाढ झोपली. क्लेमीनं बाहुल्या ओळीनं बसवल्या, खांद्यावर मला अडकवलं आणि चर्चचा खेळ मांडला. माझ्या अस्तराला अजून पेपरमिंटचा वास होता, म्हणून बाहुल्यांना ती पेपरमिंट वाटणार होती. त्यासाठी ती माझ्यात शोधू लागली. मोठ्यांची बोटं जाडी, घाईची. तिची बोटं बारीक होती आणि तिच्यापाशी वेळच वेळ होता. तिनं शिवणीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि एका जागी दाबलं.

टक्.

तीन बायकांना आणि ग्लेनिसला जे सापडलं नाही ते पाच वर्षांच्या पोरीला सापडलं. तिनं दोन्ही हातांनी ते बाहेर काढलं. मी बघत होते. दुसरं काय करणार होते? तिनं ते उलटं धरलं आणि नळीच्या भोकात एक डोळा मिटून डोकावली. अंगठा चापाजवळ होता. मी इतकी वर्षं जगले, पण त्या क्षणाइतकी मी कधी घाबरले नाही. मग तिनं नळी गालाला लावली.

"गार पडलंस की रे," ती कळवळून म्हणाली.

आणि तिनं ते बाहुलीच्या पांघरुणात गुंडाळलं. पाळण्यात ठेवलं. मांडी घालून समोर बसली आणि झोके द्यायला लागली. नळीचं तोंड तिच्याकडे होतं. पाळणा मागे जाई, पुढे येई. मागे, पुढे. अर्धा तास तरी हे चाललं असेल. मला तो अर्धा तास कसा गेला, विचारू नका.

त्याच वेळी चौदा मैलांवर क्लेटन बंदुका साफ करायला बसला होता. दर रविवारी जेवणानंतर त्याचा तो उद्योग असे. ओपलनं मागाहून शेल्बीला रडत रडत जे सांगितलं, त्यावरून मला कळलं. त्यानं सहज विचारलं होतं, "तुझं ते जुनं बारकं मर्नाला आवडलं का?"

मर्ना म्हणजे त्याची बहीण. ओपल म्हणाली, "मर्नाला? ते तर तू तिजोरीत ठेवलंस ना?"

म्हणजे ते अजून पर्समध्येच होतं, आणि पर्स तर विक्रीत गेली होती. मग ओपलनं ग्लेनिसला फोन लावला, ग्लेनिसनं शेल्बीचं नाव नि पत्ता सांगितला. शेल्बीचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ओपल चर्चच्या कपड्यांत, पायात घरच्या सपाता, तशीच गाडीत बसली.

दारावर धडाधड थापा पडल्या. शेल्बी झोपेतून उठून आली. ओपल नुसती माझं नाव घेत होती, पर्स, पर्स. तेवढ्यात क्लेमी दारात आली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना आजी. बाळ आत्ताच झोपलंय."

ओपलनं पाळणा पाहिला. ती गुडघ्यांवर बसली, पांघरूण उलगडलं, पिस्तूल खाली वळवलं आणि त्यातल्या गोळ्या काढल्या. नळीत चढवलेली एक गोळी निसटून गालिच्यावर पडली आणि शेल्बीच्या अनवाणी पायापाशी घरंगळत आली.

शेल्बीची झोप खाडकन उडाली. मग ती जी सुटली! तुम्हाला लाज कशी वाटत नाही म्हणाली, चर्चमध्ये जाता आणि लेकराच्या हातात मरण देता म्हणाली, पोलिसांना बोलावते म्हणाली. ओपल मान खाली घालून ऐकत होती. बोलाव, असंच ती म्हणत होती, बोलाव बाई, माझं चुकलं. शेल्बीला शेवटी रडूच कोसळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

क्लेमीला वाटलं, आई बाळासाठी रडतेय. ती आईपाशी गेली आणि तिनं आईच्या केसांवरून हात फिरवला.

"रडू नको ना आई. तुझ्यावाल्याला पण मी रोज पांघरूण घालते."

शेल्बीनं मान वर केली. "माझ्यावाल्याला?"

"ते मोठं. टॉवेलांच्या मागचं. मी खुर्ची घेते ना, मग माझा हात पोचतो."

शेल्बीच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी पाहिला. एकटी बाई, रात्रीची कामं, गावाबाहेरचं घर. तिनंही घेतलं होतं एक. सगळ्यात वरच्या फळीवर, टॉवेलांच्या मागे, कुणाला कळणारसुद्धा नाही अशा जागी. ती उठली आणि आत गेली. ओपल तिच्यामागे गेली नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेल्बी परत आली तेव्हा तिच्या हातात बाहुलीचं एक लोकरी पांघरूण होतं, आणि त्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. पोलिसांचं नाव मग कुणी काढलं नाही. दोघी बायका जमिनीवर शेजारीशेजारी बसून राहिल्या.

ओपलनं मला रोंडाला देऊन टाकलं. आता मी तिच्या वर्गात टेबलावर असते. पोट रिकामं आहे. नव्या बायका येतात, काय कुठे लपवता येतं हे विचारतात. भीती त्यांची खरी असते, तिला मी हसत नाही. रोंडा आधी माझी गोष्ट सांगते, मग कुलूप दाखवते.

तर मित्रांनो, तुमच्याकडे पिस्तूल नसेल. उंदराचं औषध असेल, ॲसिडची बाटली असेल, झोपेच्या गोळ्या असतील. मोठ्यांना सांगा, लपवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. कुलूप लावा म्हणावं. आणि ज्या जागा कुणालाच ठाऊक नाहीत असं त्यांना वाटतं, त्या कुठे आहेत हे तुम्हाला माहीत असेल, तर आज जेवताना त्यांना सांगून टाका.