शेवटचं रीळ

पडदा एकदम पांढरा झाला. नावाडीण धक्क्यावर उभी होती, तिची नाव सावकाराची माणसं ओढून नेत होती, आणि तिथेच चित्रपट तुटला.

लतिका कर्णिकने उठून दिवे लावले. कोलंबस शहराजवळच्या एका छोट्या कॉलेजच्या फिल्म विभागात ती नोकरीला होती. चीनहून आलेले वृद्ध दिग्दर्शक शेन यूलिन यांना तिथल्याच डब्लिन उपनगरातल्या त्यांच्या मुलीच्या घरून आणणं-सोडणं तिच्याकडे होतं. ती त्यांना काका म्हणायची. अर्थ विचारून घेतल्यावर त्यांना तो शब्द आवडला होता.

शेननी तरुणपणी शांघायच्या गोदीत कॅमेरा नेला, नटांऐवजी खरे हमाल, खऱ्या नावाडिणी उभ्या केल्या. एकोणीसशे सत्तावन्न साली त्यांच्यावर ठपका आला, गरिबी दाखवून देशाची बदनामी केल्याचा. पुढची वीसेक वर्षं त्यांनी सरकारी शेतावर डुकरं राखली. चित्रपट जाळले गेले. हा एवढा एक सॅन फ्रान्सिस्कोच्या बंद पडलेल्या चिनी थिएटरात सापडला होता, शेवटच्या रिळाशिवाय. शेवट दिग्दर्शक स्वतःच सांगतील, असं विभागाने गृहीत धरलं होतं. त्यांना कळवायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

एका विद्यार्थिनीने विचारलं, मग ती नावाडीण काय करते?

शेन रिकाम्या पडद्याकडे वळले. मग सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मला माहीत नाही."

कुणीतरी हसलं.

"शेतावर कबुलीजबाबात तो शेवट माझ्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतला," ते म्हणाले. "कधी ती जीव देते, कधी सावकाराला मारते, कधी भीक मागते. अधिकाऱ्यांना हवं तसं लिहीत गेलो. त्यातलं मी चित्रित केलेलं कोणतं, ते आता आठवत नाही. मला वाटलं, तो तुमच्याकडे असेल."

परतताना मार्चचा बारीक पाऊस होता. लतिका गाडी चालवत होती. नाणी टाकून कपडे धुण्याच्या एका लाँड्रोमॅटसमोर शेननी गाडी थांबवायला सांगितली. ते उतरून पडद्यासारख्या उजळलेल्या काचेपाशी उभे राहिले. आत हॉस्पिटलच्या गणवेशातली एक थोराड बाई एकटीच मोठ्ठी चादर घडी घालत होती. एक टोक हनुवटीखाली धरलं की दुसरं जमिनीला लागत होतं.

"काका, भिजताय," लतिका खिडकीतून म्हणाली.

शेन दार ढकलून आत गेले आणि त्यांनी चादरीची दोन टोकं उचलली. बाई काहीतरी बोलली, त्यांनी मान हलवली. दोघं जवळ आली, मागे सरली, पुन्हा जवळ आली. चादर झाली तशी बाईने टोपलीतून दुसरी काढली. शेननी हात आधीच पुढे केले होते.