नाभीखाली दोन बोटं

पांढुर्ण्याच्या त्या व्यायामखोलीत दिपालीला फळीवर उताणं निजवायचे. फळीचं डोक्याकडचं टोक लाकडी धारेवर, पायाकडचं वजनकाट्यावर. काट्यावरचा आकडा पाहून व्यायाम घेणाऱ्या वैशाली मॅडम हिशेब करायच्या आणि तिच्या पोटावर पेनानं खूण करायच्या: देहाचा सगळा भार जिथं तोलून राहतो, ती जागा.

"आई, माळ काऊन मोजून राहिली? काटा पाह्य," दिपाली निजल्या निजल्या जपमाळ ओढणाऱ्या आईला म्हणायची.

दिवाळीनंतर लोधीखेड्याच्या रस्त्यावर स्कूटी घसरली आणि पोरीचं कमरेखालचं सगळं मुकं झालं. तेव्हापासून तिची आई अर्चना तिला दर महिन्याला सौंसरहून गाडी करून इथं आणायची. पहिल्या खेपेला काटा चौदा किलोवर थांबला, खूण नाभीखाली दोन बोटं आली. अर्चनाचे हात आपोआप जुळले. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीच्या नाभीचं तीर्थ ती शनिवारी घेऊन यायची आणि रोज सकाळी, स्वतः पाण्याचा घोटही न घेता, लेकीच्या नाभीला लावायची. देवानं पोरीला तिथंच धरून ठेवलंय, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

मॅडम मात्र म्हणाल्या होत्या, "काकू, पाय सुकले की तिकडचं वजन घटते. मग ही खूण छातीकडे सरकते. नाही सरकली, तर समजा पाय तग धरून आहेत."

ते दिपालीनंही ऐकलं होतं. फेब्रुवारीत काटा साडेतेरावर आला. घरी पोचल्यावर ती म्हणाली, "तेरा आले ना, तर मी नाई येत मंग. कोणाच्या आशेवर करू व्यायाम?" त्या दिवसापासून तिचं जेवण अर्ध्यावर आलं.

मार्चमध्ये काटा तेरावर आला. मॅडम वही घ्यायला वळल्या होत्या. एकादशीला चुकून तोंडात गेलेला दाणा थुंकून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास धरणारी बाई होती अर्चना. पण तिनं दोन बोटं फळीच्या पायाकडच्या टोकावर ठेवली, देवापुढं फूल ठेवावं तशी, आणि दाबली.

"चौदा! आई, पाह्यलं का?" दिपाली ओरडली. "आता मले खाटेवर ठेवून दाखवा म्हणा!"

घरी जाऊन ती पोटभर जेवली. एप्रिलमध्येही अर्चनानं दाबलं. थोडं जास्त दाबावं लागलं.

खूण नुसती पाहण्यापुरती असते, असं तिला वाटत होतं. पण मॅडमनी तोच आकडा भिवाजी सुताराला दिला. दिपालीला उभं करायला चौकट हवी होती: मागं पाट, गुडघ्यांना टेकण, पुढून पोटावर एक रुंद पट्टा.

"पट्टा खुणेच्या वर चार बोटं," मॅडमनी बजावलं. "खाली राहिला तर माणूस पट्ट्यावरून पुढं उलटतो."

खरी खूण केव्हाच वर सरकलीय, हे अर्चनाला ठाऊक होतं. "आणखी थोडा वर घेतला तर?"

"श्वासाला जड जाईल, काकू. नीट मोजलंय ना आपण."

दिपाली भिवाजीला सांगत होती, "काका, चौकटीले गुलाबी रंग मारजा. दवाखान्याचा पांढरा नको." अर्चना माळेचे मणी ओढू लागली.

मे महिन्यात दिपाली चौकटीत उभी राहिली. आईकडं वरून पाहत हसली.

"आई, तू तं बुटकी हायेस वं!"

तिनं आईला धरायला हात पुढं केले, आणि सगळं अंग पट्ट्यावरून पुढं कलंडलं. हनुवटी चौकटीच्या कडेवर आपटली. रक्त गळ्यापर्यंत आलं.

"असं होऊच शकत नाही," मॅडम कापूस दाबत म्हणाल्या. रक्त थांबल्यावर पुन्हा फळी मांडली, पुन्हा निजवलं. आकडा आला साडेबारा. मॅडम वहीची पानं मागं-पुढं करत राहिल्या. भिवाजीनं काट्याला टिचकी मारली. "काटाच बिघडला दिसते बापा."

तेवढ्यावर भागलं असतं. काट्यावर ढकललं असतं तर कोणी विचारलं नसतं.

"काटा बरोबर हाये," अर्चना म्हणाली. "मी दाबत होती."

दिपाली छताकडं पाहत होती. "दोन्ही खेपा?"

"हो."

"म्हंजे चौदा आलेच नव्हते."

"तू जेवत नव्हती, माय."

"मंग जेवली ना. अन् सगळ्या गल्लीले सांगत फिरली, मी सुधरून राहिली म्हणून."

मॅडमनी हलक्या आवाजात सांगितलं, आता खरा आकडा मिळालाय, पट्टा वर घेता येईल, दंडांत ताकद आहे तोवर उभं राहता येईल. त्यांनी वहीत साडेबारा लिहिलं आणि समोर पुढच्या खेपेची जूनची तारीख टाकली.

"खोडा ती तारीख," दिपाली म्हणाली.

"दिपाली, अगं..."

"खोडा मॅडम. मी नाई येत."

मॅडमनी अर्चनाकडं पाहिलं. नका खोडू, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पोरीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. यापुढं आईनं बरं होईल म्हटलं तरी हिला ते खरं वाटणार नाही, हे अर्चनाला कळलं.

मॅडमनी तारखेवर रेघ ओढली.