मी उघडले नाही ती सकाळ

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचे दार आहे. पण माणसांनी आत बसायचे नव्हे. मागच्या चाकाच्या वर, पेट्रोल भरायच्या तोंडावर तळहाताएवढे दार असते ना, ते मी. गाडी चालवणाऱ्याने खालचा खटका ओढला की आतली तार ताणते, छोटी खीळ मागे सरते आणि मी टक्कन उघडते. एवढेच माझे काम. पण ते अडले की सगळी गाडी अडते, म्हणून मला कधी स्वस्थता नसते.

गाडीचे मालक सहदेवदादा यांनी मला मुंबईहून कशेडी घाटाखालच्या त्यांच्या वाडीत आणले. घाटातल्या ट्रकांची धूळ रोज माझ्या फटीत शिरू लागली. दसऱ्याला वाडीत सगळ्या लोखंडाची पूजा होते. गेल्या दसऱ्याला दादांची बायको ठकूबाई कोयता, कुदळ, शिवणयंत्र असे करत माझ्यापर्यंत आली. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे चाचपडतच तिने मला उघडून खिळीला खोबरेल तेल चोपडले.

"लोखंडाला तेल पायजेच," ती म्हणाली.

मला बरे वाटले. पुढे काय होणार, हे मला तरी कुठे ठाऊक होते!

जानेवारीत तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया महाडला ठरली. मुंबईचे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. साडेआठच्या आत पोचले नाही तर पुढचा महिना. सकाळची एसटी गेली होती आणि गाडीतले पेट्रोल तळाला लागले होते. पोलादपूरच्या पंपावर दादांनी खटका ओढला, तेव्हा पावणेआठ वाजले होते.

मी हलले नाही.

"परत ओढा," पंपावरचा नागसेन म्हणाला.

"ओढून ओढून हातात येईल रे!" दादांनी स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या कडेत खुपसला. कर्र! रंग निघाला. तार शाबूत आहे, खीळ अडली आहे, असे मला ओरडून सांगायचे होते. पण दाराचे कोण ऐकतो?

"बाबा, थांबा! वाकलं तर कधीच उघडणार नाही." त्यांची मुलगी समीक्षा महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. तिने वाकून फट बघितली, मग नाक जवळ नेले. "खोबरेलाचा वास येतोय."

"मीच लावलं गो, दसऱ्याला," ठकूबाई आतून म्हणाली.

"आता बघ! गाडीची काय वेणी घालायची व्हती?" दादा वैतागले.

"अवो, तुमच्या टकलाला लावण्यापरीस बरं!"

नागसेन फिसकन हसला. ठकूबाई मात्र हळूच म्हणाली, "समे, आज घरातली तेलाची बाटली चुलीपाशी धरली, तवा तेल निघालं. हितंपण तसंच नाय ना झालं?"

समीक्षाचे डोळे चमकले. "तसंच झालंय, आये! चोवीस अंशांखाली हे तेल थिजतं. त्यात धूळ बसली की खिडकीच्या काचेला लावतात तशी लांबीच झाली."

ती समोरच्या टपरीवरून गरम पाणी घेऊन आली. त्यात भिजवून पिळलेले फडके तिने माझ्यावर ठेवले, एकदा, दोनदा, तीनदा. हळूहळू आतली पकड सैल होऊ लागली.

"बाबा, मी आधी दार आत दाबते, म्हणजे खिळीवरचा भार जाईल. मग तुम्ही सावकाश ओढा."

टक्!

पेट्रोल भरून ते आठ पंचवीसला महाडला पोचले.

मित्रांनो, नंतर समीक्षाने माझे जुने तेल पुसून शिवणयंत्राचे पातळ तेल लावले. तेव्हापासून मी थंडीतही उघडते. माझी एकच विनंती आहे. एखादी वस्तू अडली तर जोर लावण्याआधी ती का अडली हे शोधा. अडलेली वस्तू हट्टी नसते, ती कशाने तरी धरलेली असते.

पट्टी निघाल्यावर ठकूबाई माझ्यासमोर उभी राहिली. या वेळी तिने चाचपडले नाही.

"अवो, हा ओरखडा कोनी काढला?"

दादा आभाळाकडे बघू लागले. तो ओरखडा अजून दुखतो. पण ठकूबाईला तो दिसतो, म्हणून मला तो पुसायचा नाही.