मंगळाच्या दोन बाटल्या

पासष्ट साली मंगळाचे फोटो पेपरात छापून आले, तेव्हा आमच्या अमरावतीच्या कॉलेजातल्या शहाण्यांना कोण आनंद झाला. नुसते खड्डे आहेत, तिथं कोण राहते, झाली नं तुमच्या देवराव सरांची हौस, असं मला तोंडावर ऐकवलं. मी म्हटलं, गच्चीवरून तुमच्या डोक्याचा फोटो काढला तर त्यात ऊ दिसन काय? मग गप्प बसले मेले.

देवराव सर वनस्पतिशास्त्राचे प्रमुख, अन् मी, शैला, त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सांभाळणारी. मंगळावर जंतू जगू शकतात का, हा सरांचा एकच ध्यास. तिथं काही जाता येत नाही. म्हणून त्यांनी मंगळच बाटलीत आणायचं ठरवलं. नांदगाव खंडेश्वरच्या शेतातली काळी माती बाटलीत घातली, पंपानं हवा ओढून काढली, बुचावर लाख ओतली. रात्रभर ती बाटली राजापेठेतल्या बर्फाच्या कारखान्यात, दिवसा गच्चीवर उन्हात. आपल्या मातीतले जंतू एवढं सोसून वाचले, तर तिथंही कोणी असू शकेल. सोबत दुसरी बाटली, तशीच उन्हाथंडीत फिरवलेली, पण वाफेनं जंतू मारून रिकामी ठेवलेली. तिच्यात शेवटी काही उगवलं तर समजायचं की बाहेरचे जंतू आत शिरले आणि सगळं फुकट गेलं. दोन वर्षं मी त्या बाटल्यांच्या मागे धावले.

मग सरांच्या पोटात गाठ निघाली. ते अकोल्याला आपल्या घरी गेले. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचाही भरवसा दिला नाही.

"बाटल्या इकडंच आण," सर म्हणाले. "माह्यासमोर उघड. जगले का मेले, एवढं मले पाहून जाऊ दे."

मी एस.टी.त मांडीवर धरून बाटल्या अकोल्याला नेल्या. जंतू वाढवायचा रस्सा अमरावतीहून आणायचा होता. बाटल्या तिथंच ठेवून निघताना विमलकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, सांगितलं, "काकू, जपा बरं. सरांचा जीव आहे यात."

दसऱ्याच्या सकाळी परत आले, तर काकू दारातच हसऱ्या तोंडानं उभ्या.

"काल खंडेनवमी झाली नं पोरी. दरवर्षी हे कॉलेजात मायक्रोस्कोपले हळदकुंकू वाहतात. यंदा त्यांची हत्यारं कोण पूजन? म्हणून म्या बाटल्या पूजल्या. लाख खरवडली, बुचं काढून तोंडं पुसली. सुस्स आवाज आला, मी घाबरलीच. अन् एक तर रिकामीच होती वं. रिकामं भांडं पूजेत ठेवत नाहीत, म्हणून तिच्यात चार अक्षता टाकल्या. आता पाह्य यश येते का नाही."

माझ्या डोक्याची शीर तडतडली. दुसरं कोणी असतं तर मी ते घर डोक्यावर घेतलं असतं. पण नवऱ्यासाठी नऊ दिवस उपाशी राहिलेल्या त्या बाईला काय बोलणार? नुसतं रडू येत होतं.

"शैला, आली काय? आण," आतून सरांची हाक आली.

मी बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. रिकामी बाटली त्यांनी उजेडाकडे धरली. तळाशी हळदीचे पिवळे तांदूळ. सरांनी बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवला; लाख नव्हती. मी खाली मान घालून उभी होते.

काकू दारात आल्या. "जगले काय जी तुमचे जंतू?"

सरांनी बाटली पांघरुणाखाली सरकवली.

"हाव," ते म्हणाले. "जगले. तुह्या पूजेनं जगले."

काकूंनी हात जोडले, डोळे पुसले आणि साखर आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

"पुन्हा लावते, सर," मी म्हटलं. "उद्याच माती आणते."

"लाव," सर म्हणाले. दोन वर्षांचं काम आहे, हे दोघांनाही माहीत होतं. मग त्यांनी माझा हात धरला. "मले खरं सांग. जगले असते काय?"

देवाशपथ, हो म्हणावंसं वाटलं. पण या माणसापुढे मी कधी खोटी नोंद केली नव्हती.

"माहीत नाही, सर."

"मलेही नाही," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.